परदेशी गेल्यावर काय बदलावे?

परदेशी नोकरीला निघालेल्या मुलाला आपण 'तिकडची रीत पाळ' असेही सांगतो आणि 'आपले सोडू नकोस' असेही सांगतो. तिकडची रीत कोठवर घ्यावी आणि 'आपले' म्हणजे नेमके काय, हे मात्र कोणी सांगत नाही.

माझा एक माजी विद्यार्थी चार वर्षांपासून अमेरिकेत आहे. साहेबाला नुसत्या नावाने हाक मारताना आरंभी त्याची जीभ अडखळे. 'सर, सर' करायला आम्हीच शिकविलेले! न कळविता कोणाकडे जायचे नाही, पगार विचारायचा नाही, मागून येणाऱ्यासाठी दार धरून ठेवायचे, हे सर्व तो हळूहळू शिकला. त्यात काही बिघडले नाही.

विनयपिटकातील महावग्गात याविषयी भगवान बुद्धांचा एक निर्णयच आहे. अवंती देशातील सोण कुटिकण्ण याला उपसंपदेसाठी दहा भिक्खू जमेपर्यंत तीन वर्षे थांबावे लागले. पुढे तो भगवंतांच्या दर्शनाला निघाला, तेव्हा त्याचे गुरू महाकच्चान यांनी त्याच्याबरोबर पाच विनंत्या पाठविल्या. तिकडची जमीन काळी, कठीण, गुरांच्या खुरांनी तुडविलेली. लोकांना स्नानाचे महत्त्व फार. अंथरायला मेंढीबकरीची कातडी. भगवंतांनी सीमेवरील प्रदेशांत जाड तळाच्या वहाणा, वारंवार स्नान, कातड्याचे अंथरूण यांना मान्यता दिली. विनयधरासह पाच भिक्खूंनी उपसंपदा द्यावी, असेही ठरविले. देश पाहून नियम बदलला. शीलाला मात्र हात लावला नाही.

तथापि माझ्या विद्यार्थ्याची खरी अडचण अमेरिकन माणसांशी नाहीच. तिथल्या मराठी घरी जेवायला गेले की तासाभरात प्रश्न येतो, "मूळ गाव कुठलं? आडनाव हेच, की बदललंय?" तो विषय पालटतो. पाहुणे येणार असले की त्याच्या दिवाणखान्यातील बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत जातो. "सर, हा मुसावाद होतो का?" असे त्याने मला फोनवर विचारले.

मला लगेच बोलता आले नाही. पहिल्या नोकरीच्या गावी खोली मिळावी म्हणून मीही घरमालकाला नुसते पहिले नाव सांगितले होते. त्या वर्षी १४ एप्रिलला मी खोलीला कुलूप लावून दुसऱ्या गावच्या जयंतीला गेलो.

खुद्द बाबासाहेब न्यूयॉर्क, लंडन येथे शिकून १९१७ साली बडोद्याला नोकरीवर आले. परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य असल्याची जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. बडोद्यात मात्र पारशी नाव लावून पारशांच्या उतारूगृहात राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी आले आणि ती जागा सुटली. हे सारे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. लपविण्याचा दोष आधी लपवायला लावणाऱ्याच्या पदरी जातो, असे मला वाटते.

पण एवढे म्हणून मोकळे होता येत नाही. आमचा प्रश्न डोक्यावरच्या छपराचा होता. विद्यार्थ्याचे घर त्याचे स्वतःचे आहे. सिएटल शहराने तर फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला कायद्याने बंदी केली; अमेरिकेतील असे ते पहिले शहर. आपल्या माणसांनी सामानाबरोबर काय नेले, ते तिकडच्या नगरसभेलाही कळले म्हणायचे! (कॅलिफोर्नियाचे विधेयक मात्र त्याच वर्षी तिथल्या गव्हर्नरांनी परत पाठविले.) छपरासाठी गप्प राहणे निराळे आणि जेवणाच्या आमंत्रणासाठी गप्प राहणे निराळे.

आणखी एक गोष्ट त्याने ओघात सांगितली. फोटो उतरविताना त्याच्या सहा वर्षांच्या मुलीने विचारले, "हे आजोबा पाहुण्यांना आवडत नाहीत का?" पाहुण्यांशी मुसावाद झाला की नाही, यावर वाद घालता येईल. मुलीपुढे मात्र ती पळवाट राहत नाही. मोठ्यांचे मौन म्हणजे सावधगिरी, हे तिला कोण समजावणार? ती त्यातून लाजच शिकेल.

फोटो लाव, असे मी त्याला म्हणालो नाही. मुलीला काय उत्तर दिलेस, एवढेच विचारले. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.

पुढच्या रविवारी पाहुणे आले तेव्हा फोटो जागेवर होता, असे त्याने कळविले. चहा झाला, मुले खेळली, आडनावाचा विषय निघाला नाही. एक कुटुंब मात्र त्यानंतर पुन्हा आलेले नाही.