विसावा आणि वाटा

कोकण किनाऱ्यालगत, अलिबाग, पेण, रेवदंड्याच्या पट्ट्यात, तेलाचा घाणा चालवून उदरनिर्वाह करणारा एक मराठीभाषक समाज पिढ्यान्‌पिढ्या दर शनिवारी आपला घाणा बंद ठेवीत आला, आणि या एकाच आचारावरून शेजारपाजारचे लोक त्याला ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखीत. हे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. दीर्घकाळ त्यांच्यापाशी ना धर्मगुरू होते, ना हिब्रू ग्रंथ. प्रार्थनामंदिर तर मुंबईत १७९६ साली सामुएल इझिकेल दिवेकरांनी उभारीपर्यंत नव्हतेच. ग्रंथ हरपला असताना जे थोडे आचार टिकले त्यांत, आठवड्याला एका दिवसाची रोकड कमाई बुडविणारा हा आचार असावा, ही गोष्ट धर्माकडे केवळ सोयीचा मामला म्हणून पाहणाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

हा समाज मुख्यत्वे कोकणचा आणि मुंबई-पुण्याचा, शिवाय १९४८ नंतर त्यातील बहुसंख्य लोक इस्राएलात गेलेले. तेव्हा सातारा-सांगलीच्या वाचकाने त्याच्या धर्मविचारात काय म्हणून मन घालावे, असा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे, की यहुद्यांच्या, म्हणजे मोशेच्या, धर्मशास्त्राचा फार मोठा भाग हा शेतकऱ्यांचा कायदा आहे, आणि कृष्णाकाठच्या आपल्या मुलखाला आज ज्या गोष्टींचा विसर पडला आहे, नेमक्या त्यांविषयीच तो बोलतो.

शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विसाव्याचाच, दाखला घ्या. तो दिवस घरधन्याने देवाचे नाव घेत स्वस्थ बसावे एवढ्यापुरता नेमलेला नाही. विसाव्याचे अधिकारी कोण, हे त्या आज्ञेत नावानिशी मोजले आहे: दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आत राहणारा उपरा. म्हणजे मालक स्वतः कितीही उद्योगी असला, तरी दुसऱ्याचा विसावा हिरावण्याची मुखत्यारी त्याला नाही. याच ग्रंथाने दास्यप्रथा मान्य केली होती, हे विसरून त्याची आरती ओवाळण्याचे कारण नाही. पण दासालाही जो दिवस त्याने तोडून दिला, तो आपल्या गळीत हंगामात कोणाला मिळतो? बीड-नगरकडून येणारे नवरा-बायकोचे जोडपे, ज्याची ऊसतोडीच्या हिशेबात ‘एक कोयता’ एवढीच नोंद, ते मुकादमाकडून घेतलेल्या उचलीने बांधलेले असते. पहाटे फडात उतरावे, रात्री-अपरात्री गाडी भरावी, आणि आजारपणाने खाडा पडला तर त्याचा दंडही सोसावा, असा त्याचा क्रम पाच-सहा महिने चालतो. कारखाना सहकारी असला तरी सभासद तो ऊस लावणारा, तोडणारा नव्हे.

दुसरी गोष्ट वाट्याची. शेताचे कोपरे कापू नयेत, पडलेला सरवा मालकाने वेचू नये, ते गरिबाचे आणि परक्याचे, असे ते शास्त्र सांगते. कोपरा किती ठेवावा याची किमान मर्यादा मिश्ना या यहुदी विधिसंग्रहाच्या कर्त्यांनी पिकाचा साठावा हिस्सा अशी ठरविली आणि तो कोणाला द्यावा हे ठरविण्याचा अधिकारच मालकाकडे ठेवला नाही. आपल्याकडेही खळ्यावर बलुते दिले जाई. परंतु ते जन्माने गळ्यात पडलेल्या कामाचे मोल होते. कोपऱ्यातील धान्यासाठी कोणाची चाकरी करावी लागत नसे, की कोणाचे उपकार मानावे लागत नसत.

बाराव्या शतकात इजिप्तमध्ये वैद्यकी करणाऱ्या मायमोनिडिस या पंडिताने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. नाराजीने देणे ही सर्वांत खालची. देणारा घेणाऱ्याला आणि घेणारा देणाऱ्याला ओळखीत नाही, ती वरून दुसरी. (चौकाचौकातल्या आपल्या फलकांवर फळवाटपाची जी छायाचित्रे झळकतात, त्यांची पायरी वाचकानेच ठरवावी.) सर्वोच्च पायरी मात्र गुप्तदानाचीही नव्हे: माणूस पडण्यापूर्वीच त्याला कर्ज देऊन, भागीदारीत घेऊन किंवा काम देऊन असे उभे करावे, की पुन्हा कोणापुढे हात पसरण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये. ही पायरी साताऱ्याला नवी नाही. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापून १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणणाऱ्या भाऊराव पाटलांनी वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसविली, आणि त्यांच्या हाती भिक्षेची झोळी न देता कुदळ दिली. ‘कमवा आणि शिका’ या योजनेत शिकणारा पोर स्वतःच्या शिक्षणाचा भागीदार होता. वसतिगृहातील मुलांसाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रासुद्धा, मोडले, ही कथा आपण गहिवरून सांगतो. पण ती केवळ त्यागाची म्हणून सांगताना, त्या सोन्यातून मिंधी माणसे न घडता स्वतःच्या पायांवर उभी राहणारी माणसे घडली, हा तिचा गाभा निसटतो.

सातव्या वर्षी जमीन पड टाकावी, हा मोशेच्या शास्त्रातला नियम आज जसाच्या तसा पाळा, असे कोणी म्हणणार नाही. तथापि वर्षानुवर्षे उसाला पाट सोडून वाळवा, मिरज, पलूस भागांत क्षारपड झालेली जमीन पाहिली, म्हणजे विश्रांती नाकारलेली भूमी अखेर सक्तीने ती घेते, हे पटते. उलट, खानापूर तालुक्यातील बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी १९८०च्या दशकात येरळा नदीवर बळीराजा धरण बांधले, तेव्हा त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही आणि भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा वाटा द्यायचा, हे तत्त्व त्यांनी स्वीकारले. मोशेचे नावही न घेता तिथे त्याच्याच जातीचा कायदा झाला.

यावर व्यवहारी आक्षेप ठरलेला आहे: तोडलेला ऊस वाळतो, उतारा घटतो, कारखाना थांबविता येत नाही. यहुदी धर्मपंडितांनाही असे पेच पडले. सातव्या वर्षी कर्जे माफ होत, म्हणून ते वर्ष जवळ आले की सावकार हात आखडता घेत. तेव्हा हिल्लेल या पंडिताने येणे न्यायसभेच्या स्वाधीन करण्याची, म्हणजे ते माफ होऊ नये अशी, तोड काढली. कायद्याला तोड काढता येते. पण आधी कायदा असावा लागतो. कारखाना थांबवू नये, टोळ्या पाळीपाळीने थांबवाव्यात. येत्या गळीत हंगामापूर्वी ज्या सभासदाला वार्षिक सभेची नोटीस येईल, त्याने एवढा एकच ठराव मांडावा: प्रत्येक टोळीला आठवड्यातून एक भरपगारी दिवस, खाड्याचा दंड बंद, आणि त्याचा खर्च आपल्या उसाच्या दरातून.