नळ एक, बिऱ्हाडं आठ

बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना 1985 मध्ये सुरू झाला. त्याच्या आधाराने बजाजनगर वाढलं आणि कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. अशा आठ खोल्यांचा मालक, स्वतः निवृत्त कामगार, यंदा ग्रामपंचायतीला उभा राहायचं म्हणतोय. त्याचं आणि परतूरहून आलेल्या त्याच्या भाडेकरूचं हे बोलणं.

भाडेकरू: मामा, आपल्याकडे नळ एक, बिऱ्हाडं आठ. उद्या पाणीपट्टी खोल्यांवर लावायचा ठराव आला, तर हात वर कराल?

मालक: ठराव बघून ठरवीन. मी काही लबाड नाही. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 14 प्रमाणे पंचायतीच्या ठेक्यात हिस्सा असणारा किंवा सरकारी जागेवर अतिक्रमण करणारा अपात्र ठरतो. स्वतःच्या प्लॉटवर खोल्या बांधणारा नाही.

भाडेकरू: कायद्यात बसलं म्हणजे मिटलं? पुण्यात शाळेसाठी राखीव भूखंडावर जावयाची इमारत झाली, त्या वादात 1999 मध्ये मनोहर जोशींचं मुख्यमंत्रिपद गेलं.

मालक: तिथे घरच्याच माणसाचा फायदा होता. पाणीपट्टी सगळ्याच मालकांना लागेल.

भाडेकरू: म्हणूनच ते डोळ्यांवर येत नाही. 2016 मध्ये ब्रिटनच्या संसदेत भाड्याचं घर राहण्यालायक असलंच पाहिजे अशी दुरुस्ती आली. ती 312 विरुद्ध 219 मतांनी पडली. पाडणाऱ्यांत 72 खासदार स्वतः घरमालक होते. तिथे ठरावीक रकमेपुढचं भाड्याचं उत्पन्न खासदारांना जाहीर नोंदवावं लागतं, म्हणून हे कळलं तरी.

मालक: पुढचंही सांग की. 2018 मध्ये तिथेच तसा कायदा झाला. मालकालाही न्याय कळतो. आणि मी मत दिलं नाही, तर बाकीचे सदस्य तरी कोण असणार? मालकच. सगळेच बाजूला झाले, तर ठराव कोण करणार?

भाडेकरू: खरी अडचण तीच आहे. तुम्ही उठलात, तरी त्या जागी बसायला आम्ही यादीत नाही. माझं मत अजून परतूरला.

मालक: मग इथे नोंदव.

भाडेकरू: लाइट बिल तुमच्या नावावर, आधार गावाकडचं. उरला नोंदणीकृत भाडेकरार. भाडं वेळेवर घेता, कराराचं काढलं की "बघू".

मालक: कागद हातात पडला की माणूस खोली सोडत नाही, ही भीती असते रे.

भाडेकरू: मुदतीचा करार तुम्हालाच राखतो. आणि 1950 चा लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो, नुसतं घर मालकीचं आहे म्हणून कुणी तिथला रहिवासी ठरत नाही. मताचा हक्क राहणाऱ्याचा आहे.

मालक: म्हणजे मी उभाच राहू नको?

भाडेकरू: राहा ना. खोल्या किती, भाडं किती, ते पत्रकावर छापा. पाणीपट्टीचा विषय निघाला की आधी स्वतःचा हितसंबंध सांगा, इतिवृत्तात लिहून घ्या, मग मत द्या. पण या सगळ्याआधी आठही बिऱ्हाडांचे करार नोंदवा.

मालक: आणि त्यांनी मलाच पाडलं तर?

भाडेकरू: ती तयारी नसेल, तर अर्ज भरू नका. ज्याला भाडेकरू पाडू शकत नाही, तो भाडेकरूंचा प्रतिनिधी नाही.