झाडू आणि काचेचा जोडा

अकोल्याच्या जिनिंगमधील कारकुनी सुटली तेव्हा आम्हांस आनंद झाला. अमरावतीची मास्तरकी सुटताना मात्र जीव हळहळला. आता नातवंडांसह २०१५ सालचा 'सिंड्रेला' चित्रपट पाहताना तिची चूल आणि झाडझूड सुटली, की आम्हीही मनापासून सुखावतो. परंतु कष्टांतून सुटणे हेच सुख काय? १८७६ साली शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी तर आपण होऊन झाडू हाती घेतला, आणि १९५६ साली देह ठेवीपर्यंत लोकसेवा सोडली नाही. आमच्या मते या दोहोंत विरोध नाही. लादलेला झाडू हे दास्य; स्वीकारलेला झाडू ही सेवा. सिंड्रेलाला राजपुत्र लाभला, हे योग्यच झाले. आपखुशीचे काम तिला लाभले काय, हे मात्र परीकथा सांगत नाही. ते ज्याचे त्याने शोधावयाचे असते.