शिकण्याची जोखीम कोणाची?

२८ मे १९९९ रोजी तोलोलिंगवर हवाई दलाचं एक एमआय-१७ पाकिस्तानी क्षेपणास्त्राने पडलं. आतले चौघेही गेले. मुळात हे माणसं आणि सामान वाहणारं हेलिकॉप्टर. त्याला रॉकेटं लावून हल्ल्याला पाठवलं होतं. खास हल्ल्यासाठीचं एमआय-३५ आपल्याकडे होतं, पण तिथल्या विरळ हवेत ते निरुपयोगी. या अनुभवातून 'प्रचंड' या देशी हेलिकॉप्टरची गरज पुढे आली. त्याचं पहिलं उड्डाण २०१०मध्ये झालं. हवाई दलात ते दाखल झालं २०२२मध्ये. कारगिलनंतर तेवीस वर्षांनी.

परदेशातून घ्यावं की इथे बनवावं, हा वाद आपण पैसा किंवा अभिमान या दोनच खात्यांत मांडतो. (अभिमानाचं खातं तसंही गुंतागुंतीचं आहे. 'प्रचंड'चं 'शक्ती' इंजिन फ्रेंच कंपनीबरोबर मिळून विकसित केलेलं आहे.) मला त्यातला नैतिक प्रश्न वेगळा वाटतो. उद्योग चुकांमधून शिकतो हे खरं, पण हेलिकॉप्टरच्या बाबतीत त्या चुका आकाशात होतात आणि आत कुणीतरी बसलेलं असतं.

जानेवारी २०२५मध्ये पोरबंदरला तटरक्षक दलाचं 'ध्रुव' कोसळून तिघांचा मृत्यू झाला आणि 'ध्रुव'चा सगळा ताफा काही महिने जमिनीवर राहिला. म्हणून परदेशीच घ्यावीत? लष्कराने २०२०मध्ये मागवलेल्या सहा अपाचींपैकी पहिली तीन जुलै २०२५मध्ये आली, ठरल्यापेक्षा वर्षभराहून उशिरा. आणि थांबणंही फुकट नसतं. सियाचिनच्या चौक्यांना आजही 'चीता' सामान पोचवतं. आराखडा १९६०च्या दशकातला, फ्रेंच. पर्रीकर संरक्षणमंत्री असताना लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नी त्यांच्याकडे गेल्या होत्या. ही जुनी हेलिकॉप्टरं थांबवा, एवढंच त्यांचं मागणं होतं. निर्णय लांबला की त्याची किंमतही वैमानिकच मोजतो.

सैनिकाने मरणाची जोखीम पत्करलेलीच असते, असं यावर सहज म्हटलं जातं. मला ते पटत नाही. त्याने शत्रूची, हवामानाची, डोंगराची जोखीम पत्करलेली असते. कारखान्याच्या शिकण्याची जोखीम त्याने पत्करली, असं म्हणायचं तर निदान ती त्याला सांगितलेली हवी.

देशीच बनवावं, या बाजूचा मी आहे. सुट्या भागांसाठी ऐन युद्धात दुसऱ्याच्या दारात उभं राहायची वेळ कुठल्याच सैन्यावर येऊ नये. पण देशी म्हणजे काय, तेही पाहू. हेलिकॉप्टर बनवणारी एचएएल संरक्षण मंत्रालयाची. ते उडण्यालायक आहे असा दाखला देणारी सेमिलॅक डीआरडीओची, म्हणजे त्याच मंत्रालयाची. घेणारं लष्करही तिथलंच. परदेशी कंपनीशी आपण निदान दंडाच्या कलमांवरून भांडतो. घरच्या घरात कोण कुणाला नाही म्हणणार? मार्च २०२५मध्ये आणखी १५६ 'प्रचंड'चा ६२,७०० कोटींचा करार झाला. प्रवासी विमान पडलं तर चौकशीचा अहवाल कुणालाही वाचता येतो. लष्करी हेलिकॉप्टर पडलं तर तो फाइलीत राहतो, आणि गेलेल्याच्या घरच्यांनाही कारण बहुधा बातम्यांमधून जुळवावं लागतं.