एकच भाव

२०२५ च्या दसऱ्याला आमच्या दारात मोटार आली. ‘मोटार’ हा शब्द माझ्या मुलाला पसंत नाही. ती एसयूव्ही आहे, असे तो मला दिवसातून दोनदा बजावतो. असो. मोटारीचे कौतुक करण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. ती घेताना मी जसा वागलो ते बरोबर होते की नव्हते, एवढाच माझ्यापुढचा प्रश्न आहे. आणि फराळाबरोबर वाचकांनीही तो थोडा चघळून पाहावा, अशी इच्छा आहे.

भाव करण्यात मला आनंद वाटतो, हे आधीच कबूल केलेले बरे. ही आवड घराण्यातच आहे. आमचे आजोबा बैल घ्यायला बाजारात जात, तेव्हा आकडा तोंडाने उच्चारला जात नसे. रुमालाखाली हात घालून बोटे धरायची आणि सोडायची. दोन पावलांवर उभ्या असलेल्या माणसालाही बैल केवढ्याला गेला याचा पत्ता लागत नसे. आजच्या शोरूममध्ये काचा आहेत, गारवा आहे, फुकटची कॉफी आहे. परंतु रुमाल तोच आहे. फक्त तो आता कागदाचा झाला असून त्याला कोटेशन म्हणतात.

आमच्या कागदावर पहिली ओळ होती एक्स-शोरूम किमतीची : १४ लाख २० हजार. तिच्याखाली रस्ता-कर, या किमतीच्या पेट्रोल गाडीला आपल्या राज्यात तो १२ टक्के पडतो, आणि तिथे कोणाचेच काही चालत नाही. दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस द्यावा लागतो, पण तो आयकराच्या हिशेबात आपल्या नावे जमा धरला जातो. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. खरी मौज त्यापुढच्या ओळींत होती. शोरूमने विम्याचे ६१ हजार लावले होते; तसाच विमा बाहेर ४७ हजारांना मिळत होता. तो शोरूममधूनच घ्यावा अशी सक्ती कायद्यात नाही, पण ही गोष्ट आपण होऊन कोणी सांगत नाही. मग गालिचे, चिखलपट्ट्या, सीटची कव्हरे असा २४ हजारांचा संच. तो आम्ही मागितलेलाच नव्हता.

आम्ही गेलो तो दिवस ३० सप्टेंबर. महिनाअखेर असली की विक्रीचा आकडा पुरा करण्याची शोरूमला घाई असते, हे मुलाने मला पढवून ठेवले होते. समोर बसलेला विक्रेता तेविशी-चोविशीचा पोरगा होता. दर पाच मिनिटांनी ‘साहेबांना विचारून येतो, काका’ म्हणून आत जाई आणि चेहरा पाडून बाहेर येई. शेवटी मी म्हणालो, “पलीकडचा शोरूमवाला चाळीस हजार सोडायला तयार आहे.” पलीकडच्या शोरूमची पायरी मी चढलोही नव्हतो. तो पुन्हा आत गेला आणि ३० हजारांची सूट घेऊन आला. विमा बाहेरचा ठरला, संच कटला. एकूण ६८ हजार वाचले. त्या रात्री मी भलताच खुशीत जेवलो.

आता, हे खोटे बोलणे झाले का? त्यानेही ‘या रंगाची शेवटचीच गाडी आहे’ असे सांगितले होते. ती शेवटची नव्हती. पत्ते खेळताना आपण हातातली पाने दाखवीत नाही, तसेच हे, असे म्हणता येईल. दोघांनाही खेळ ठाऊक असला, तर फसले कोण?

सतराव्या शतकात इंग्लंडातल्या क्वेकर पंथीयांना हे समर्थन पटले नाही. ज्या किमतीला आपण माल देणार, त्याहून अधिक किंमत तोंडाने सांगणे हेच असत्य, असे मानून त्यांनी एकच भाव ठेवला. आधी गिऱ्हाइके बिचकली. पुढे, लहान मूल पाठवले तरी फसणार नाही म्हणून तीच दुकाने भरू लागली. त्याहून जुनी गोष्ट सिसेरोने सांगितली आहे. स्कीव्होला नावाच्या रोमन गृहस्थाने जमीन घेताना विकणाऱ्याला एकदाच काय ती किंमत सांगायला लावले. ती ऐकून, ‘जमीन याहून अधिक मोलाची आहे’ म्हणत पदरचे एक लाख सेस्टर्स वर घातले. तो सज्जन खरा, पण शहाणा नव्हे, असे लोक म्हणत, हेही सिसेरोने नोंदवले आहे. आमची सौभाग्यवती त्या लोकांच्या बाजूची आहे.

परंतु मला टोचले ते असत्याहून वेगळेच. शिकागोत गाडी विक्रेत्यांकडे निरनिराळी माणसे पाठवून इयन एअर्स यांनी एक पाहणी केली. ती १९९१ साली प्रसिद्ध झाली. सर्वांना तीच वाक्ये पढवली होती. तरी गोऱ्या पुरुषांना जो भाव मिळाला, तो स्त्रियांना आणि काळ्या माणसांना मिळाला नाही. आणि हे अमेरिकेत, जिथे नव्या गाडीच्या काचेवर किंमत छापून चिकटवण्याचा कायदा १९५८ सालीच झाला होता! म्हणजे खेळ ठाऊक असूनही भागत नाही. समोरचा आपल्याला कोण समजतो यावरही भाव ठरतो. २२ सप्टेंबर २०२५ ला मोठ्या गाड्यांवरचा ५० टक्क्यांपर्यंत जाणारा कर ४० वर आला, तो भांडणाऱ्याला आणि मुखदुर्बळाला सारखाच. माझे ३० हजार मात्र माझ्या एकट्याचे. ते कोणाच्या तरी न भांडण्यातून भरून निघाले असतील, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नव्हता.

तो आला कोजागिरीनंतर. आमच्या शाळेतल्या निवृत्त बाई पेढे घेऊन आल्या. त्याच आठवड्यात, त्याच शोरूममधून, हीच गाडी त्यांनी घेतली होती. लेक आणि जावई परगावी, म्हणून एकट्याच गेल्या होत्या. कागदावर असेल ते सारे त्यांनी भरले होते, गालिच्यांसकट.

“सर, तुम्हांला केवढ्याला पडली हो?” त्यांनी सहज विचारले.

मी पेढा तोंडात टाकला आणि म्हणालो, “तेवढ्यालाच.” सौभाग्यवती उठून स्वयंपाकघरात गेली.

हे दुसरे असत्य पहिल्याहून बरे की वाईट, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही. त्यांच्या आनंदावर विरजण पडू नये म्हणून बोललो, असे मी स्वतःला सांगतो; पण माझी हुशारी त्यांच्यासमोर उघडी मांडायची मला लाज वाटली, हेही तितकेच खरे. निदान एवढे तरी करावे म्हणून मी म्हणालो, “बाई, तृतीय पक्षाचा विमा तीन वर्षांचा असला, तरी गाडीच्या नुकसानीचा एकाच वर्षाचा असतो. पुढच्या सप्टेंबरात तो बाहेर घेऊ. मी येईन तुमच्याबरोबर.”

“कशाला उगीच तुम्हांला त्रास, सर?” बाई म्हणाल्या. “तो शोरूममधला मुलगा फार चांगला आहे. आपण होऊन फोन करून आठवण करीन, म्हणालाय.”