उडी तीच, प्रश्न नवा

ओळखीचा नायक एका कलाप्रकारातून दुसऱ्या प्रकारात जातो, तेव्हा त्याच्याबरोबर नेमकं काय जायला हवं? नाव आणि चेहरा नेणं सोपं असतं, आणि बाजाराला बहुतेक वेळा तेवढंच पुरतं. पण प्रेक्षकाचं किंवा खेळणाऱ्याचं त्या नायकाशी जडलेलं नातं चेहऱ्यात नसतं. ते कशात असतं, हे समजून घ्यायला 1996 सालचा एक जपानी व्हिडिओ गेम मला फार मोलाचा वाटतो. त्याच्याच शेजारी कोल्हापुरात 1925 साली झालेला एक मूकपट ठेवावासा वाटतो.

आपल्याकडे मारिओ घराघरांत पोचला तो टीव्ही गेमच्या कॅसेटमधून. 1985 चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ म्हणजे धावायचं, खड्डा ओलांडायचा, कासवाच्या पाठीवर उडी मारायची आणि किल्ल्याच्या टोकाला बाउझरला हरवून राजकन्येला सोडवायचं. गल्लीतली पोरं एकमेकांना एकच विचारायची, ‘कितव्या स्टेजला पोचलास?’ त्या खेळात दुसरा प्रश्नच नव्हता. बाउझर वाईट का, राजकन्येला काय वाटतं, हे विचारायला तिथं थांबायची सोयच नव्हती. मारिओचं सगळं व्यक्तिमत्त्व एका उडीत सामावलेलं होतं, आणि ती उडी आपल्या अंगठ्यात मुरलेली होती.

भूमिका निभावण्याचे खेळ, म्हणजे आरपीजी, याच्या अगदी उलटे. तिथं लढाई आळीपाळीनं चालते. आपली पाळी आली की विचार करायचा, हत्यार निवडायचं, मग शत्रूची पाळी. गावागावांत थांबून लोकांशी बोलायचं, सोबती जमवायचे. ‘फायनल फँटसी’ मालिकेमुळे जपानची स्क्वेअर ही कंपनी या प्रकारातली मातब्बर मानली जात होती. तिनं निन्टेन्डोबरोबर मिळून ‘सुपर मारिओ आरपीजी’ केला आणि 9 मार्च 1996 रोजी तो जपानमध्ये आला. दिग्दर्शन चिहिरो फुजिओका आणि योशिहिको माएकावा यांचं, निर्माते मारिओचे जनक शिगेरू मियामोतो, संगीत योको शिमोमुरा यांचं. धावणाऱ्याला थांबवायचं आणि तरी तो मारिओच राहिला पाहिजे, असा तो पेच होता.

त्यांनी काढलेली वाट साधी आणि विलक्षण होती. आपल्या पाळीला मारिओ उडी घेतो. पाय शत्रूवर टेकतो नेमक्या त्या क्षणी बटण दाबलं तर घाव जबर बसतो. शत्रूचा वार अंगावर येतानाही तसंच; क्षण साधला तर इजा कमी होते किंवा होतच नाही. कुस्तीत डाव ठाऊक असून भागत नाही, तो टाकायची वेळ साधावी लागते, तसंच हे. त्यामुळे खेळ थांबला तरी अंगठ्यातलं कसब निकामी झालं नाही. ‘सुपर जंप’ या डावात तर वेळ साधत राहिलात तर एकामागून एक उड्या चालूच राहतात, आणि सलग शंभर उड्या साधणाऱ्याला खेळातला सर्वांत भारी पोशाख मिळतो. विचारप्रधान खेळानं देहाच्या सरावाला दिलेली ती मानवंदना आहे, असं मला वाटतं.

जुनं कसब असं शाबूत राहिल्यावर नवा प्रश्न विचारता आला. आकाशातून एक अजस्र तलवार येऊन बाउझरच्या किल्ल्यात रुतते. स्मिदी नावाच्या शत्रूनं किल्ला बळकावलेला असतो आणि बाउझर बेघर होतो. इच्छा पुऱ्या करणारा ताऱ्यांचा रस्ताही मोडतो. त्याचे सात तुकडे मिळेपर्यंत कुणाचीच इच्छा फळणार नसते. मग बाउझर मारिओच्या सोबत येतो. मदत मागणं त्याच्या मानी स्वभावात बसत नाही, म्हणून मारिओलाच आपल्या फौजेत घेतल्याचा आव तो आणतो. राजकन्याही आता सुटकेची वाट पाहत बसत नाही. सोबत लढते, जखमी सोबत्यांना बरं करते. मारिओ मात्र बोलत नाही. घडलेली हकिकत सांगायची वेळ आली की तो उड्या मारून, सोंगं घेऊन ती करून दाखवतो. ‘कुठवर गेलास?’ या प्रश्नाच्या जागी ‘कुणाबरोबर निघालास?’ हा प्रश्न आला, आणि त्याचं उत्तर द्यायला तीच जुनी उडी कामी आली.

आता कोल्हापूर. बाबूराव मेस्त्री, म्हणजे बाबूराव पेंटर, मूळचे नाटकाचे पडदे रंगवणारे. आतेमामे भावंडं असलेले ते आणि आनंदराव सिनेमाच्या ध्यासानं झपाटले. 1916 मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी देशी कॅमेरा तयार करून दाखवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीतून 1920 मध्ये ‘सैरंध्री’ आणला. रंगभूमीवरून पडद्यावर जाताना चित्रकाराचा हात त्यांनी मागे ठेवला नाही. वेशभूषा, पात्रांच्या हालचाली यांची रेखाटनं ते आधी करत. उजेड आणि सावली चित्रासारखी मांडत. 1925 च्या ‘सावकारी पाश’मध्ये तोच हात एका कर्जबाजारी शेतकऱ्याच्या झोपडीकडे वळला. सावकारापायी जमीन गमावून शहरात गिरणी कामगार होणारा तो तरुण शेतकरी व्ही. शांताराम यांनी उभा केला. ‘सैरंध्री’सारख्या पौराणिक कथेत पुढं काय होणार हे प्रेक्षकाला ठाऊकच असे. इथं प्रश्न बदलला: या माणसाची जमीन गेलीच का?

लहान मुलांच्या खेळाला ‘सावकारी पाश’च्या शेजारी बसवणं कुणाला अतिरेकी वाटेल. दोन्हींचं वजन सारखं आहे असं मी म्हणत नाही. शेतकऱ्याचं दुःख खरं आहे, बाउझरचा किल्ला कल्पित. पण रूपांतराचा धर्म दोन्हीकडे एकच दिसतो. हाताला सवयीनं आलेलं कसब टाकून दिलं तर नवी कृती उपरी होते; नवा प्रश्न विचारला नाही तर ती जुन्याचीच नक्कल होते. दोन्ही एकत्र आलं तरच जुना रसिक नव्या प्रकारात मोकळेपणानं वावरू शकतो.

अशा कामाचं आयुष्य ते घडवणाऱ्या संस्थेपेक्षा मोठं ठरतं. स्क्वेअरनं निन्टेन्डोची साथ सोडली आणि 1997 चा ‘फायनल फँटसी 7’ सोनीच्या प्लेस्टेशनवर आणला. तरी क्षण साधण्याची ती कल्पना 2000 सालच्या ‘पेपर मारिओ’त आणि 2003 च्या ‘मारिओ अँड लुइजी’त पुढे चालली, आणि मूळ खेळ 17 नोव्हेंबर 2023 रोजी नव्या रूपात परत आला. इकडे बाबूरावांचे शिष्य दामले, फत्तेलाल, शांताराम 1929 मध्ये बाहेर पडले आणि कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली. संस्था दुभंगल्या, पण हातातली विद्या पुढच्या हातांत गेली.

आज कोल्हापुरात चित्रकला आणि ॲनिमेशन शिकणाऱ्या मुलांपुढे गेम घडवण्याचं क्षेत्र खुलं आहे. परक्या खेळातल्या नायकाला फेटा बांधला, मागे पन्हाळा काढला की आपला गेम झाला, अशी समजूत सहज होऊ शकते. ते चेहरा नेणं झालं. कुस्तीवर गेम करायचा असेल तर पकड घट्ट होताना दमसास कसा राखायचा, समोरच्याचा तोल कधी ढळतो, हे खेळणाऱ्याच्या बोटांना कळलं पाहिजे. त्यातून विचारायचा प्रश्नही तालमीतच आहे: मैदानात ज्याला चीत करायचं, त्याच्याच जोडीनं रोज सराव करताना माणूस काय शिकतो? आपल्याकडचं कसब ओळखून त्याला असा नवा प्रश्न देणं, हेच बाबूरावांच्या गावात नव्या माध्यमाला हात घालणाऱ्यांचं पहिलं काम आहे.