इंजिनाला लागलेले वळण

‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’ या २०१४ साली आलेल्या गेममध्ये घोडा आहे. बटण दाबले की तो चौखूर उधळतो, पडद्याच्या कडांना वेगाच्या रेषा उमटतात आणि खेळणाऱ्याला आपण भरधाव निघालो असे वाटते. सात वर्षांनी, २०२१ साली, हा गेम बनवणाऱ्या बायोवेअर या कॅनडातल्या स्टुडिओतील एकाने उघड सांगितले की त्या दौडीत वेग वाढतच नाही. ज्या इंजिनावर, म्हणजे गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पायावर, गेम उभा होता, त्याला पुढचा प्रदेश तेवढ्या चपळाईने मेमरीत आणता येत नव्हता, म्हणून नुसत्या रेषा काढल्या. ते इंजिन म्हणजे फ्रॉस्टबाइट. स्टॉकहोमच्या डाइस या स्टुडिओने ते युद्धाच्या गेमसाठी घडवले आणि २००८ च्या ‘बॅटलफील्ड: बॅड कंपनी’त प्रथम वापरले. बंदुका, रणगाडे, कोसळणाऱ्या भिंती हे त्याचे जग. पुढे मालक कंपनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या छत्राखाली तेच इंजिन मोटारींच्या शर्यतीला, फुटबॉलला आणि बायोवेअरच्या लांबलचक कथांना जुंपले गेले. बायोवेअरला त्यात सोबत्यांची टोळी, सामानाची पोतडी, खेळ जतन करण्याची सोय अशा कितीतरी गोष्टी नव्याने बसवाव्या लागल्या. हा तांत्रिक इतिहास एक जुना तात्त्विक प्रश्न नव्याने विचारतो: माणसाने घडवलेल्या साधनाला स्वभाव असतो का?

बौद्ध परंपरेचे उत्तर ठाम आहे. नागार्जुनाचा युक्तिवाद असा की वस्तूला स्वतःचा, कशावरही न अवलंबणारा स्वभाव असता, तर तिच्यात बदल घडलाच नसता. जे बदलते ते निःस्वभाव. या अंगाने पाहिले तर फ्रॉस्टबाइट निःस्वभाव ठरते, कारण २०१६ पासून फुटबॉलचा ‘फिफा’ हा गेम त्यावर चालला. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला रथाबद्दल विचारतो, की आस म्हणजे रथ का, चाक म्हणजे रथ का? तसेच इथे विचारता येईल. प्रकाशाचे गणित म्हणजे इंजिन का, टकरींचा हिशेब म्हणजे इंजिन का? एकेक भाग बदलत गेला, नाव तेवढे राहिले. मला हे उत्तर मान्य आहे, पण ते अर्धेच आहे. बदल शक्य का आहे हे त्यातून कळते. तो इतका जड का जातो, हे कळत नाही.

उरलेले अर्धे उत्तर वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनाच्या विचारवंतांकडे आहे. संस्कार हा शब्द आपण मुलांच्या बाबतीत वापरतो, म्हणून निर्जीव वस्तूचे संस्कार हे रूपक वाटते. वैशेषिकांनी मात्र संस्कार हा गुण मानून त्याचे तीन प्रकार सांगितले: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वाकवलेली फांदी सोडली की मूळ जागी जाते, ती स्थितिस्थापक संस्कारामुळे. म्हणजे जडालाही वळण असते आणि ते त्याला पूर्वस्थितीकडे ओढते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे आपली म्हणही सांगते. इंजिनातला पीळ असाच आहे. एका वेळी किती जग मेमरीत ठेवायचे, खेळाडू किती वेगाने सरकेल, एका दृश्यात किती जीव विचार करत असतील, हे निर्णय पहिल्या गेमसाठी घेतले जातात आणि पुढच्या शेकडो निर्णयांच्या तळाशी गाडले जातात. नव्या प्रकारचा गेम त्या फांदीला दुसरीकडे वाकवतो. हात सैल सुटला की फांदी परत फिरते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की इंजिन म्हणजे शेवटी गणित आणि गणिताला कसला आलाय पीळ? प्रकाशाच्या किरणापुरते हे खरे आहे. तो भुताच्या हवेलीत आणि फुटबॉलच्या मैदानात एकाच नियमाने पडतो. पण इंजिन किरणांपुरते संपत नाही. काय आधी मोजायचे, कशाला कमी वेळ द्यायचा, काय सोडून द्यायचे, ही प्राधान्ये त्यात असतात, आणि प्राधान्य हेतूशिवाय ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कॅपकॉम या जपानी कंपनीचे आरई इंजिन २०१७ साली ‘रेसिडेंट इव्हिल ७’ या भयकथेसाठी आले, आणि त्याच इंजिनावर ‘डेव्हिल मे क्राय ५’, ‘मॉन्स्टर हंटर राइज’, ‘स्ट्रीट फायटर ६’ उभे राहिले. मग पीळ कुठे गेला? तो गेला नव्हता. २०२४ साली ‘ड्रॅगन्स डॉग्मा २’मध्ये माणसांनी गजबजलेले मोठे शहर आले आणि तिथे गेम अडखळू लागला, पात्रांचा भार प्रोसेसरला झेपत नसल्याचे कॅपकॉमनेही मान्य केले. तरीही आधीचे यश खरेच आहे आणि त्याचे कारण मला महत्त्वाचे वाटते: इंजिन घडवणारे आणि ते वाकवणारे एकाच घरात होते.

इथे वैशेषिकांचा दुसरा संस्कार कामी येतो. भावना, म्हणजे ज्यातून स्मरण होते तो संस्कार, त्यांच्या मते फक्त आत्म्यात राहतो, जड वस्तूत नाही. इंजिनात पीळ असतो, पण तो पीळ का दिला याची आठवण इंजिनात नसते. ती घडवणाऱ्यांजवळ असते. एडमंटनच्या बायोवेअरकडे इंजिन आले. ज्यांना ते आठवत होते ती माणसे घड्याळाच्या आठ तासांच्या अंतरावर स्टॉकहोमला होती. याउलट ॲम्स्टरडॅमच्या गेरिला स्टुडिओने आपले इंजिन जपानच्या कोजिमा प्रॉडक्शन्सला दिले, तेव्हा दोघांनी मिळून त्यावर काम केले. नागासाकीजवळच्या देजिमा या डच व्यापाऱ्यांच्या बेटावरून त्यांनी त्या इंजिनाला डेसिमा हे नाव दिले. गेरिलाच्या ‘किलझोन’ या युद्धाच्या गेममधल्या बंदुकांसाठी घडलेल्या त्या इंजिनावर २०१९ साली ‘डेथ स्ट्रँडिंग’ आला. डोंगरदऱ्यांतून पाठीवर ओझी वाहत, तोल सांभाळत चालणे हाच ज्याचा मुख्य खेळ आहे, असा तो गेम.

कोणी म्हणेल, ‘इन्क्विझिशन’ला २०१४ च्या गेम अवॉर्ड्समध्ये वर्षाचा सर्वोत्तम गेम ठरवले गेले, मग तक्रार कसली? मी तो सन्मान कमी लेखत नाही. तो माणसांनी आपले कष्ट ओतून पिळावर मिळवलेला विजय आहे. पण त्याच घरातला, त्याच इंजिनावरचा ‘अँथम’ २०१९ साली कोसळला, आणि त्यामागे इंजिनाशी चाललेली झुंज हेही एक कारण होते. कष्ट प्रत्येक वेळी पुरे पडत नाहीत. म्हणून जी कंपनी आपले इंजिन एका स्टुडिओतून दुसऱ्याकडे पाठवते, तिने इंजिनाबरोबर ते आठवणारी माणसेही पाठवली पाहिजेत.